सहा जानेवारीच्या मुली

सरांचा फोन आला तेव्हा मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, रसवंतीच्या ताडपत्रीखाली उभा होतो. सर फोनवर कधी घाईनं बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र "टेबलाकडे ये. आपल्या तीन पोरी बाद केल्यात, वय जास्त म्हणून," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी अर्धा प्यालेला ग्लास तिथंच ठेवून मैदान ओलांडत निघालो. मुलींची नोंदणी झाली होती ती मी लिहिलेल्या प्रोग्रामवर. चूक असेल तर ती माझ्याच हातून गेलेली असणार, हे चालता चालता डोक्यात पक्कं होत गेलं.

सर म्हणजे आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेतले गणिताचे आणि खेळाचे शिक्षक. माझे वडील बाजारात हमाली करायचे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. शाळेत चार संगणक होते, त्यातले दोन चालायचे, आणि त्या खोलीची किल्ली सर मला रविवारी विश्वासानं देऊन टाकायचे. आज मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्राम लिहितो, त्याची सुरुवात त्या किल्लीपासून झाली. त्यामुळे सरांनी जेव्हा सांगितलं की हिंगोलीला मुलींच्या कबड्डीच्या स्पर्धा आहेत, भरवणाऱ्या मंडळाला नोंदणीची सोय करून दे, तेव्हा मी ते काम सणासारखं केलं. शाळांनी मोबाइलवरून मुलीचं नाव, गाव, जन्मतारीख भरायची, आणि शेवटी मंडळाला एक फाइल मिळायची. एवढंच.

स्पर्धेत नियम एकच कडक होता. एक मार्चला मुलीला सोळा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. कारण या स्पर्धेतून काही मुली निवासी प्रशिक्षणासाठी निवडणार होते, आणि सर ज्या मुलीसाठी वर्षभर झटत होते तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या मार्चपर्यंत ती वयाबाहेर जाणार होती.

ती आमच्या संघाची चढाईपटू. तिचे वडील पिंजारी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. बाळापुरात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, पिढ्यांपासूनचं. मुलीनं बाहेरगावी राहून कबड्डी खेळायची ही गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. सर संध्याकाळी शाळा सुटली की त्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगाशेजारी जाऊन बसायचे, चहा घ्यायचे, आणि खेळाचा विषय काढायचेच नाहीत. असं कितीतरी महिने चाललं. शेवटी चाचाच म्हणाले होते, की मी एकदा सोबत येतो, माणसं कशी आहेत ते डोळ्यांनी बघतो. बराबर वाटलं तर धाडतो. नाही वाटलं तर दहावीनंतर ती मावशीकडे शिवणकाम शिकायला जाईल, मग हा विषय माझ्यापुढं पुन्हा काढायचा नाही. सरांनी शब्द दिला होता. स्पर्धेच्या दिवशी चाचा धुतलेला पांढरा सदरा घालून, दुकान बंद ठेवून आले होते.

मी टेबलाशी पोचलो तेव्हा मांडवाखाली सगळे उभेच होते. खुर्चीवर फक्त मुख्य पंच बसले होते. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, उतारवयाचे, बारीक केस कापलेले गृहस्थ. त्यांच्या शेजारी मंडळाचे चिटणीस, समोर लॅपटॉप. छापील यादीत आमच्या तीन मुलींच्या नावाखाली लाल रेघ होती. पहिली रेघ तिच्याच नावाखाली.

पंच ओरडत नव्हते, त्यामुळेच ते जास्त लागत होतं. ते सरांना समजावून सांगत होते, की सकाळपासून हेच चाललंय. शहरातल्या शाळांच्या मुली वयात बसतात आणि गावाकडच्या संघांत दोन-तीन मोठ्या मुली निघतातच. शिरड शहापूरचा संघ सकाळी असाच परत पाठवला, त्यांच्या इतक्या मुली गेल्या की सात उरल्याच नाहीत. तुमच्या तिघी गेल्या तरी सात राहतात. खेळून घ्या, मी तक्रार लिहीत नाही.

मग ते म्हणाले, "वय चोरायची सवय असते हो. मी काही नवीन बघत नाही."

चोरायची, हा शब्द चाचांपर्यंत पोचला. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी पंचांकडे पाहिलं नाही. मुलीच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"चल," ते तिला म्हणाले. "आपल्याला चोर म्हणवून घ्यायला दुकान बंद ठेवलं न्हाई."

ती हलली नाही. गुडघ्यावरची पट्टी नीट करत खाली बघत राहिली. सर चाचांजवळ गेले, त्यांच्या दंडावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी बोलले. नंतर सरांनी सांगितलं, की मी फक्त इतकंच म्हणालो, भाई, आपला सामना पुकारेपर्यंत थांबा, तोवर काही झालं नाही तर मीच तुम्हाला नाक्यावर सोडतो. चाचा थांबले. पण पिशवी खाली ठेवली नाही.

मी यादी हातात घेतली. तिच्या नावापुढे जन्मतारीख होती 06/01. खालच्या मुलीची 06/01. तिच्या खालची 06/01. मी पान उलटलं. शिरड शहापूर, 06/01. कनेरगाव नाका, 06/01. दोन पानं भरून जणू सगळ्या जिल्ह्यातल्या मुली सहा जानेवारीला जन्मल्या होत्या.

ती तारीख मी ओळखली. उलटी करून ती माझीच होती.

आमच्याकडे शाळेत नाव घालायला लेकराला घेऊन जातात तेव्हा जन्माचा दाखला बऱ्याच घरांत नसायचा, अजूनही कुठंकुठं नसतो. मग गुरुजी लेकराला डोक्यावरून हात घालून दुसऱ्या बाजूचा कान धरायला लावायचे, कानाला हात पोचला की सहा वर्षं झाली असं समजायचं, आणि जन्मतारीख लिहायची एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. माझी तीच आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच.

माझ्या फाइलमध्ये ती आधी दिवस, मग महिना अशी गेली होती, 01/06. लोकांना वाचायला सोपं पडावं म्हणून मीच तसं ठेवलं होतं. प्रोग्रामच्या आत तारीख वेगळी असते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तिथं गोंधळाला जागा नसते. बाहेर काढताना मी तिला आपल्या माणसांचे कपडे घातले. चिटणीसांचा लॅपटॉप अमेरिकेतल्या भाच्यानं दिलेला होता. त्याच्यात तारखेची रीत तिकडची, आधी महिना. त्यानं फाइल उघडताक्षणी एक जूनची सहा जानेवारी केली आणि कुणाला काही विचारलं नाही. मंडळाच्या यादीचा साचा मात्र आपल्याकडचा, आधी दिवस, म्हणून तिथं 06/01 उमटलं. सहा जानेवारी धरली की या तिघींना मार्चच्या आधीच सोळा पूर्ण होत होती. एक जून धरली तर त्या पावणेसोळा वर्षांच्या होत्या.

दुसरीकडे कुठं हे घडलं असतं तर लगेच उघडं पडलं असतं. कुणाचा जन्म पंचवीस तारखेचा, कुणाचा एकोणीसचा. पंचविसावा महिना कुठला, म्हणून संगणक अडला असता, दहा ठिकाणी बोंब झाली असती. पण आमच्या गावांत एक आणि सहा हे दोनच आकडे. दोन्ही दिवस म्हणूनही चालतात आणि महिना म्हणूनही. उलटे होऊनही ते शहाण्यासारखे गप्प बसून राहिले.

मी हे पंचांना सांगायला लागलो आणि घाईत सगळं एकदम सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. इतक्या मुली सहा जानेवारीला जन्मू शकत नाहीत हे त्यांनाही दिसतच होतं, आणि त्यांच्या मते तीच तर लबाडीची खूण होती. आता मी म्हणतोय त्या सगळ्या एक जूनच्या. त्यानं काय फरक पडला? लबाडीची तारीख बदलली, एवढंच.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून आमच्या सामन्याचा पहिला पुकारा झाला. तिसऱ्या पुकाऱ्याला संघ मैदानात नसेल तर समोरच्याला पुढे चाल मिळते. सरांनी उरलेल्या सात मुलींना रेषेपाशी जाऊन उभं राहायला सांगितलं. ती आणि दुसऱ्या दोघी मांडवातच राहिल्या.

मी चिटणीसांना लॅपटॉप माझ्याकडे वळवू द्या म्हणालो. त्यांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी मान हलवली. मी तारखांचा रकाना रुंद केला. तसं केल्यावर दिसू लागलं, की काही तारखा रकान्याच्या उजव्या कडेला टेकल्यात आणि थोड्या डाव्या कडेला. संगणकाला जी तारीख म्हणून कळते ती उजवीकडे जाते. जी कळत नाही ती नुसती अक्षरं समजून तो डावीकडे सोडून देतो.

"साहेब, उजवीकडच्या तारखा बघा," मी म्हणालो. "दोन्ही आकड्यांत एक तरी बाराच्या वरचा सापडतो का ते बघा."

पंचांनी चष्मा चढवला आणि खरंच बघायला लागले. बोट पडद्यावर ठेवून एकेक ओळ खाली. मला वाटलं ते मुद्दाम हळू करतायत. दुसरा पुकारा झाला. ते थांबले नाहीत. उजवीकडे बाराच्या वरचा एकही आकडा नव्हता. डावीकडे सगळ्या तारखा तेवीस, अठरा, एकतीस, अशाच, महिना म्हणून संगणकाला न पटलेल्या. त्यातल्या बहुतेक हिंगोलीतल्या मुली, दवाखान्यात जन्मलेल्या.

"या डावीकडच्यांचं वय कसं काढलं?" पंचांनी चिटणीसांना विचारलं.

चिटणीस म्हणाले, की सकाळी त्या ओळींत वय येतच नव्हतं, नुसती चूक दाखवत होतं, म्हणून त्यांनी ते हातानं मोजून भरलं. त्यांना वाटलं, लॅपटॉपच जड चाललाय.

पंच मागे टेकले. मूळ फाइल दाखव म्हणाले. ती माझ्या मेलमध्ये होती, मोबाइलवर. मी उघडायला गेलो आणि ते गोल चक्र फिरू लागलं. मैदानावर इतकी माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, नेटवर्क कुठून येणार. मी खुर्चीवर चढलो. मांडवाबाहेर जाऊन हात उंच केला. चक्र फिरतच होतं. रेषेपाशी समोरचा संघ मांड्यांवर थापा मारून अंग गरम करत होता. आमच्या सात मुली सारख्या मांडवाकडे वळून बघत होत्या. सरांनी एकदाही मला "झालं का" असं विचारलं नाही. गणिताच्या तासाला फळ्यापुढे अडलो तरी ते असेच गप्प उभे राहायचे.

फाइल उघडली तेव्हा मी धावत आत गेलो. 01/06. पंचांनी पाहिलं आणि मला भीती होती तोच प्रश्न विचारला. हीच उलटी नसेल कशावरून? मी त्याच फाइलमधली शहरातली एक मुलगी दाखवली, 23/09. आधी दिवस आहे, साहेब. एकीची जशी, तशीच सगळ्यांची.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "इतक्या जणी एक जूनला जन्मल्या?"

"मी पण एक जूनचाच आहे," मी म्हणालो.

"मीही," सर म्हणाले.

चिटणीस जरा घुटमळले. मग खाली बघत म्हणाले, "कागदावर माझीपण तीच आहे, साहेब."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पंच हसले नाहीत. त्यांनी आमच्या कुणाकडे न बघता खांबाकडे पाहिलं आणि सरळ चाचांना विचारलं, "तुम्ही वडील ना? मुलगी खरी कधी जन्मली?"

चाचा खोटं बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मनात आलं, एक जून म्हणा, फक्त एक जून म्हणा.

चाचा म्हणाले, "थंडीत झाली, साहेब. हुरड्याच्या दिसात."

सरांनी डोळे मिटले. म्हणजे जानेवारीच्या आसपास. म्हणजे लॅपटॉपनं चुकून लावलेली तारीख खरी निघत होती, आणि मी इतका वेळ भांडलो ते एका खोट्या तारखेसाठी. मुलीनं मान वर करून बापाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण ती बघत होती.

"नक्की थंडी?" पंच म्हणाले.

"थंडीत रजयांचं काम लई असतंय. घरून बोलावणं आलं तवा मी कापूस पिंजून राहिलो होतो. ते कसं इसरंल माणूस?" चाचा एवढं बोलून थांबले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "पण हिला शाळेत घातलं तवा दुधाचा एक दात पडला नव्हता. कानाला हात बी पुरत नव्हता. मास्तर म्हणले, वर्गाचा पट भरत न्हाई, लेकरं कमी हायत, दे धाडून. सहाची करून टाकतो. आमी दिलं धाडून."

मला हिशेब लागायला क्षणभर वेळ लागला. पंचांना माझ्या आधी लागला. ती थंडी कागदावरच्या जूनच्या आधीची नव्हती, नंतरची होती. शाळेत पोरं कमी होती म्हणून गुरुजींनी तिला मोठी केली होती.

"म्हणजे ही कागदापेक्षाही लहान आहे," पंच म्हणाले.

"ते मला काय ठावं. तुमी विचारलं, मी सांगितलं."

तिसरा पुकारा सुरू झाला. पंचांनी लाल पेन घेतलं, आणि त्या तीन रेघांवर फुल्या मारून शेजारी सही केली. मुलीला म्हणाले, "पळ." ती निघाली, अर्ध्या वाटेतून परत आली, बापाच्या हातातल्या पिशवीतून बूट काढले, आणि हातात बूट घेऊनच धावली. मग पंच उभे राहिले. चाचांपुढे जाऊन त्यांनी तो शब्द मागे घेतो असं सांगितलं. चाचांनी पिशवी खाली ठेवली.

सामन्याचं मी फार सांगू शकत नाही, कारण मी नीट पाहिलाच नाही. मी चिटणीसांबरोबर बसून सगळी यादी पुन्हा काढत होतो. या वेळी महिना अक्षरात. बाहेर आरडाओरडा झाला की मी फक्त सरांच्या चेहऱ्याकडे बघायचो. मध्यंतरानंतर कधीतरी ते हसताना दिसले. मी वळून पाहिलं, तर ती मधल्या रेषेपाशी पालथी पडली होती, चारजणी तिच्या अंगावर होत्या, आणि तिची बोटं रेषेच्या पलीकडे होती.

नव्या यादीत शिरड शहापूरची एकही मुलगी वयाबाहेर नव्हती. पंचांनी स्वतः सांगितलं, बोलवा त्यांना, दुपारी खेळवतो. मी त्यांच्या शिक्षकांना फोन केला. काय घडलं ते सांगितलं, यादी माझ्या फाइलवरून झाली होती हेही सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, की पोरी घरोघर पोचल्या आहेत. दोघी तर आईसोबत शेतात गेल्या. आता कुठल्या तोंडानं पुन्हा गोळा करू? मी जीप पाठवतो म्हणालो. ते म्हणाले, नको, राहू द्या, आणि पुढच्या वर्षी बघू असंही म्हणाले नाहीत. त्यांच्याही संघात शेवटचं वर्ष असलेल्या मुली होत्या. त्यांना मी ओळखत नाही. यादीतली नावं मात्र मला आठवतात.

ऊन कललं तेव्हा निवड झालेल्यांची नावं वाचली. तिचं नाव वाचल्यावर चाचांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. चाचा पंचांच्या टेबलाशी जाऊन बराच वेळ विचारपूस करत होते. मुलींच्या राहण्याच्या जागी बाई कोण असते, जेवण कोण करतं, शुक्रवारी फोन करू देतात का. सगळं ऐकून झाल्यावर परत आले, आणि प्रवेशाचा कागद माझ्यापुढे धरला. त्यांना मराठी वाचता येतं, पण लिहायला हात चालत नाही म्हणाले.

मी लिहायला बसलो. ती शेजारी बसून गुडघ्यावरची माती झाडत होती.

"दादा, तुमचाबी एक जूनच?" तिनं विचारलं.

"एक जूनच."

"मग तुमी कधी झालात?"

मला माहीत नव्हतं. आईला एकदा विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, ज्वारी काढणीला आलेली. त्यापुढं मी कधी गेलो नाही. मी तसं सांगितलं तर तिला ते पुरेसं वाटलं.

जन्मतारखेचा रकाना आला. तिथं तीन चौकोन छापले होते, दिवस, महिना, वर्ष. मी पेन टेकवलं, तेवढ्यात चाचांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आकड्यात नका लिहू," ते म्हणाले. "अक्षरात लिहा. जून. आता तीच बराबर ऱ्हाऊ द्या."

चौकोन लहान होता. मी बारीक अक्षरात लिहिलं. चाचांनी कागद उजेडाकडे धरून तो शब्द ओठ हलवत वाचला, आणि मगच सहीसाठी पेन माझ्या हातातून घेतलं.